मुठीला मूठ

नलूच्या घरची बोट 'मल्हारी' बंदराला बांधून पडली होती आणि बाकीच्या बोटी तिच्या अंगाला घासून समुद्रावर जात होत्या. दिवाळी तोंडावर आलेली, बोंबील नुसता उसळलेला. अशा दिवसांत बोट उभी म्हणजे धडधाकट माणसानं भर दुपारी पांघरूण घेऊन पडण्यासारखं. नलूच्या वलांड्या, म्हणजे बोंबील सुकवायच्या बांबूच्या चौकटी, रिकाम्या होत्या आणि त्यांवर कावळे उगाच येऊन बसत होते. शेजारणीच्या वलांड्या भरलेल्या. शेजारीण बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवता अडकवता नलूकडं बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची.

सदू मात्र रोज पहाटे बोटीवर जात होता. बादलीनं खारं पाणी ओढायचा आणि जाळं वर ओढणारा लोखंडी विंच घासत बसायचा. विंचवरचं रक्त पहिल्या दिवशीच निघालं होतं. तरी तो घासायचा.

सदू नलूचा धाकटा दीर. पन्नाशीला आलेला, काटक. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलताही येत नाही. कोळीवाड्यात त्याला मुका म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात, कारण त्याला ऐकू येत नाही. ही आपल्या लोकांची सभ्यता.

पण समुद्रावर गोष्ट वेगळी होती. इंजिन लागलं की बोटीवर सगळेच बहिरे. नलूचा नवरा विठोबा बोट चालवणारा तांडेल होता तेव्हा त्यानं भावासाठी हाताच्या खुणा काढल्या होत्या, आणि त्या इतक्या कामाच्या निघाल्या की सगळ्या बंदरानं उचलल्या. उघडा पंजा वर म्हणजे ओढ. मूठ वर म्हणजे थांब. मूठ दिली की विंचवरच्या माणसानंही मूठ दाखवायची. तोवर पहिल्यानं हात खाली घ्यायचा नाही, मग खांदा गळून पडो. मुठीला मूठ असं म्हणत त्याला. विठोबा वारला, पोरगा विनेश तांडेल झाला, तरी डोलीचं जाळं वर येताना कठड्याशी उभं राहून खुणा द्यायचं काम सदूचंच होतं. त्याच्याइतकी नजर कुणाची नव्हती.

आणि नेमकं त्याच्याच नजरेसमोर ते घडलं. परतीच्या फेरीत शेवटचं जाळं वर येत होतं. दोर विंचच्या ढोलात अडकला म्हणून येसाजीचा पोरगा हर्षद वाकला, हात आत घातला, आणि विंच फिरला. तीन बोटं गेली, पंजा चेचला. विंचचा दांडा विनेशच्या हातात होता. बाकीचे खलाशी खाली मासळी निवडत होते. हर्षदची पाठ होती. बघणारे दोघंच, विनेश आणि सदू.

बंदराला लागल्या लागल्या विनेश म्हणाला, "काकानं हात केला, म्हनून मी दांडा ओढला."

सदू तिथंच उभा होता. हर्षदचा हात आपल्या बनियनमध्ये गुंडाळून धरला होता त्यानं.

येसाजीनं पोलिसांत तक्रार दिली. मच्छीमार सोसायटीनं ठरवलं की जबाब होईपर्यंत 'मल्हारी' बाहेर काढायची नाही, आणि चूक मुक्याची निघाली तर या बंदरातल्या कुठल्याही बोटीवर पुन्हा मुका माणूस घ्यायचा नाही. फौजदारांनी पनवेलहून खुणांची भाषा जाणणारा एक दुभाषी मागवला. तो भला माणूस होता. त्यानं हात हलवले, सदूनं बघितले, हसला आणि त्याला चहा आणून दिला. सदू कधी शाळेत गेलेला नाही, त्याची भाषा या घराची. शेवटी फौजदार म्हणाले, घरातलं कुणी असेल तर बघा.

घरातली अशी एक होती, तिचं नाव पूर्वी. विनेशची धाकटी बहीण.

*

पूर्वी अलिबागला मूकबधिरांच्या शाळेत शिकवायची, आणि कोर्टात, दवाखान्यात, जिथं बहिऱ्या माणसाचं म्हणणं पोचवायचं असेल तिथं दुभाषी म्हणून जायची. नलू कुणी विचारलं की सांगायची, "मुक्यांची मास्तरीन हाय." त्यात अभिमान किती आणि लाज किती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

खरं तर ही भाषा पूर्वी शाळेत शिकली नव्हती. ती तोंडानं बोलायला लागायच्या आधी काकाशी हातांनी बोलायची. त्या घरात प्रत्येकाला हाताचं एक नाव होतं. विनेशचं नाव म्हणजे कानाची पाळी चिमटीत धरायची, कारण लहानपणी त्याच्या कानात बाळी होती. नलूचं नाव कपाळावरचं मोठं कुंकू. पूर्वीचं नाव दोन वेण्या ओढल्यासारखं. विठोबा गेल्यावर कुंकू पुसलं, वेण्या कधीच कापल्या, नावं राहिली.

तिच्या कामाचा एक नियम घरात चेष्टेचा झाला होता. दुभाष्यानं समोरच्याचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगायचं. एकदा तिनं काकाला दातांच्या डॉक्टरकडं नेलं आणि म्हणाली, "माझी दाढ ठणकते, रात्रभर झोपलो नाही." डॉक्टरांनी तिलाच खुर्चीत बसवलं आणि आ करा म्हणाले. नलू हे वर्षभर प्रत्येक पाहुण्याला सांगत होती.

एसटीतून उतरली ती पूर्वी घरी न जाता थेट बंदरावर गेली. सदूनं तिला लांबूनच बघितलं, दोन्ही हातांनी वेण्या ओढल्या आणि दात दाखवून हसला. मग हसू एकदम गेलं. घासणी टाकून तो उठला.

तिनं काही विचारलंच नाही. तोच सांगायला लागला. गालाला बोट लावून खळी दाखवली, हा हर्षद. हर्षद वाकला, हात आत. सदू कठड्याशी. सदूनं मूठ वर केली. टाचा उचलून, अख्खं अंग ताणून, मूठ. तशीच धरली. मग कानाची पाळी धरली, विनेश. डावा तळवा उघडून समोर धरला आणि त्यावर उजवा अंगठा खालून वर, खालून वर सरकवला, आणि मान खाली घालून त्या तळव्याकडं बघत गालात हसला. हुबेहूब विनेश. किनारा जवळ आला की फोनला रेंज येते, ते पूर्वीलाही ठाऊक होतं.

पुन्हा मूठ. दोन्ही मुठी. पाय आपटले. मग त्यानं मान वर न करता हवेत दांडा ओढला, विंच फिरवला, आणि आपलीच बोटं दुसऱ्या हातात धरली, आणि थांबला. त्याच्या घशातून एक आवाज आला. तो आवाज स्वतः त्याला कधी ऐकू आलेला नाही.

पूर्वीला वाटलं होतं चूक कुणाची ते शोधावं लागेल. इथं शोधण्यासारखं काहीच नव्हतं.

सदूनं पंजा पुढं लोटला, भुवया वर केल्या. बोट कधी जाणार? मग स्वतःच उत्तर दिलं. खळी, झोपलेला माणूस. हर्षद दवाखान्यात आहे म्हणून सगळे थांबलेत. त्यानं मान हलवली, बरोबर आहे, थांबायलाच पाहिजे.

त्याला काहीच माहीत नव्हतं. ज्याच्यामुळं बोट बांधली, ज्याच्या नावानं गाव खडे फोडत होतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

*

जेवताना पूर्वीनं ठरवलं, आता सांगायचं. सदू ताटावर वाकलेला. तिनं त्याच्या पुढ्यात टिचकी वाजवल्यासारखा हात हलवला, त्यानं वर बघितलं. तिनं कानाची पाळी धरली. मग ओठांपासून बोटं पुढं नेली. विनेश सांगतो की...

नलूनं तिची दोन्ही मनगटं धरली.

त्या घरात कुणी कधी कुणाचे हात धरत नसे. भांडणातसुद्धा नाही. हात धरणं म्हणजे तोंड दाबणं, हे नलूनंच पोरांना शिकवलं होतं. विनेशनं लहानपणी एकदा रागानं काकाचे हात धरले होते तेव्हा तिनं त्याला उलथण्यानं मारलं होतं.

सदू दोघींकडं बघत राहिला. नलूनं एक हात सोडला, हसली, त्याच्या ताटात बांगड्याचा तुकडा वाढला. दुसऱ्या हातात पूर्वीचं मनगट तसंच होतं. सदूनं एकदा त्या मनगटाकडं बघितलं, मग जेवून उठला आणि बंदराकडं गेला.

"हात सोड, आये."

"आदी ऐक माजं."

"त्याला ठाऊकच न्हाय. दादा त्याच्यावर ढकलून मोकला झाला, नि तो हर्षदसाटी बोट उबी हाय समजतोय."

"ठाऊक न्हाय तंच बरं हाय." नलूनं हात सोडला. विळी ओढून घेतली आणि संध्याकाळच्या जेवणाची कोळंबी सोलायला बसली. बोलताना तिला हातात काम लागायचं. "मी तुला खोटं बोल म्हनतंय का? सदूनं हात वर केला व्हता का न्हाय?"

"मूठ केली व्हती."

"मूठ म्हंजे हातच ना? हात वर केला, यवढंच बोल. मूठ का पंजा, फौजदार काय इचारनार हाय? त्याला काय कलतंय बोटीवरचं?"

पूर्वी आईकडं बघतच राहिली. किती दिवस ही बाई या एका शब्दावर बसली होती कोण जाणे. हात केला. धड खोटंही नाही.

"माजं काम तंच हाय आये. तो जे बोलंल तंच बोलायचं. येक अक्षर कमी न्हाय."

"तुजं काम." कोळंबीचं डोकं तुटून बाजूला पडलं. "तुजं काम तुला कोनी शिकवलं? लगीन होऊन आले तवा तुजी आजी याला खांबाला बांधून बाजारात जायची. पान्यात जाईल म्हनून. अंगावर माशा बसायच्या पोराच्या. मी सोडला त्याला. मी हातानं बोलाया शिकले, मंग तुजा बापूस शिकला, मंग तुमी. नि मी त्याचं वाईट करीन?"

"मंग कशाला करतंस?"

"त्याला कोन तुरुंगात घालनार हाय गो? मुक्याला कोन काय करतंय? बोटीवर न्हाय घेनार, न घेवोत. माज्यासंगं वलांडीवर येईल, बसून खाईल. विनेशवर केस झाली तं बोट जाईल. बोट गेली तं सदू तरी काय खाईल? तुज्या शालेत ठेवशील त्याला?"

पूर्वीची आई दुष्ट असती तर सोपं झालं असतं.

"काकाला बोटीवरून काढला तं तो मरंल, आये."

"मानूस असं मरत न्हाय," नलू म्हणाली, आणि डोळे पुसायला मनगट वर नेलं. हात कोळंबीनं भरलेले होते.

*

त्याच दुपारी भरतीला दुसरी एक बोट बर्फ भरत होती. माणसं रांगेत उभी राहून कॅरेट हातोहात पुढं देत होती. सदू सवयीनं रांगेत जाऊन उभा राहिला. बंदरावर रिकामं उभं राहणं त्याला जमतच नाही. कॅरेट त्याच्या हातात आलं, तेवढ्यात त्या बोटीच्या तांडेलानं ते काढून घेतलं आणि हातानं 'जा' केलं.

सदूनं आपले तळवे बघितले. पालथे करून बघितले. मग पायऱ्या उतरून समुद्राच्या पाण्यात हात धुतले, लुंगीला पुसले आणि पुन्हा रांगेत येऊन उभा राहिला.

रांग हसली. तांडेल हसला नाही, त्यानं दंडाला धरून सदूला बाहेर काढलं. माणसांच्या तोंडांवरून त्याची नजर फिरली, एकेका तोंडावर थांबत. मग तो 'मल्हारी'वर जाऊन विंच घासायला लागला.

जाळ्यांच्या शेडमध्ये बसून विनेश हे सगळं बघत होता. पूर्वी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"बघितलास?"

"बघितला."

"हात धुऊन आला तो, दादा."

"मना काय सांगतंस? मी काय करू?" विनेशच्या हातात जाळं शिवायची सुई होती, पण तिच्यात दोराच नव्हता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. "काकानं हात केला. मी बघितला."

"कुटला हात?"

"हात म्हंजे हात."

"मूठ का पंजा?"

तो दोरा नसलेली सुई जाळ्यातून ओवत राहिला.

"तू बघितलंच न्हाय. तू फोन बघत व्हतास."

"हलू बोल," तो म्हणाला. मग सुई टाकून त्यानं तोंडावरून दोन्ही हात फिरवले. "हर्षद माजा दोस्त हाय, पूर्वे. शालेपासनं. त्याच्यासमोर कसा जाऊ? मी केलं म्हनून कसा सांगू त्याला? तोंडातून निघालं तवा निघालं. आता मागं घेता येत न्हाय."

"मंग काकानं भरायचं?"

"काकाला काय कलतंय," विनेश म्हणाला. बोलून गेल्यावर त्यानं बहिणीकडं बघितलं आणि मान फिरवली. काकाला काय आणि किती कळतं हे त्या घरात जन्मलेल्या माणसाला ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. त्याच काकानं त्याला वारा ओळखायला शिकवलं होतं.

पूर्वी तिथून निघाली. 'मल्हारी'पर्यंत गेली. काकाला सांगायला हात वर घेतले, आणि तिला आईचे हात आठवले, कोळंबीनं भरलेले. उद्या जबाबातच सगळं निघेल, असं स्वतःला समजावून ती परतली. खरं म्हणजे ती घाबरली होती.

*

जबाब सोसायटीच्या हॉलमध्ये होता. फौजदार टेबलापाशी, शेजारी लिहून घ्यायला हवालदार. समोर खुर्चीवर सदू, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून. नलूनंच सकाळी त्याचा भांग पाडला होता. भिंतीशी बंदरातले तांडेल उभे होते, त्यांच्यात विनेश. पुढच्या खुर्चीवर येसाजी. दाराशी बायका आणि त्यांच्यापुढं नलू.

"तुम्ही याच्या कोण?" फौजदारांनी विचारलं.

"पुतणी, साहेब. ज्यांच्यावर आरोप होऊ शकतो त्यांची बहीणही आहे. हे लिहून घ्या."

"लिहून घेतो. दुसरं कुणी मिळत नाही, काय करणार. जे सांगतील तेच सांगा."

"हो. मी 'मी' म्हणेन तेव्हा ते काका बोलतायत असं समजा."

येसाजी मागं न बघता म्हणाला, "समजलो. माज्या हर्षदला पन आता घे तुज्या शालेत. अपंग झालाच हाय तो."

फौजदारांनी खूण केली, पूर्वीनं काकाकडं बघून पंजा उघडला. सांग.

सदू सांगायला लागला. तो खुशीत होता म्हटलं तरी चालेल, कारण एवढ्या माणसांनी एकदम त्याच्याकडं बघून त्याचं म्हणणं ऐकायची त्याच्या जन्मातली ही पहिलीच वेळ.

"जाळं वर येत होतं," पूर्वी म्हणाली. "मी कठड्याशी होतो. दोर अडकला. हर्षद वाकला, त्यानं विंचमध्ये हात घातला. मी बघितलं."

सदू टाचांवर उठला आणि मूठ वर केली.

पूर्वीनं तोंड उघडलं. दाराशी आईचं मोकळं कपाळ होतं. त्याखालचे डोळे तिच्यावर रोखलेले. खांबाला बांधलेलं पोरगं, अंगावरच्या माशा, रिकाम्या वलांड्या, सगळं एकदम तिच्यासमोर आलं.

"मी... हात वर केला," ती म्हणाली.

"हात वर केला," फौजदारांनी हवालदाराला सांगितलं.

हॉलमध्ये कुजबूज झाली. सदू सांगतच होता. कानाची पाळी. तळव्यावर अंगठा. मान खाली, गालात हसू. पुन्हा कानाची पाळी, पुन्हा अंगठा.

"आता काय म्हणतोय?"

"विंच फिरला," पूर्वी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "हर्षदची बोटं गेली."

झालं. एवढंच. खोटं असं एक अक्षर नव्हतं त्यात. येसाजीनं मान वळवून सदूकडं बघितलं, आणि त्या बघण्यात पोराची तीनही बोटं होती. भिंतीशी उभे असलेले सगळे सदूकडंच बघत होते. एकानं जीभ टाळ्याला लावून चक केलं.

सदूचे हात थांबले.

ऐकू न येणाऱ्या माणसाला बोलणं कुठं पोचलं ते तोंडांवरून कळतं. त्यानं विनेशचं नाव घेतलं होतं. दोनदा घेतलं होतं. आणि हॉलमधल्या एकाही माणसानं विनेशकडं बघितलं नव्हतं. सगळी तोंडं त्याच्याकडंच वळलेली होती, बंदरावरच्या त्या बर्फाच्या रांगेतल्यासारखी. त्यानं एकेक तोंड बघितलं. येसाजी. तांडेल. दारातली नलू, तिनं डोळे खाली घातले. मग विनेश, त्यानंही. शेवटी त्यानं पूर्वीकडं बघितलं आणि दोन वेण्या ओढल्या. ओठांपासून बोटं पुढं नेली, भुवया वर केल्या. तू काय सांगितलंस?

तिनं हात मांडीवरून उचललेच नाहीत. कुणी धरलेले नव्हते, तरी उचलले नाहीत. एवढी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती.

सदू उठला. खुर्ची मागं सरकवली. भिंतीकडं वळला, विनेशच्या समोर, बोटीवर असायचं तेवढंच अंतर ठेवून. आणि टाचा उचलून त्यानं मूठ दिली.

हॉलमध्ये हालचाल थांबली. चहाचा ट्रे घेऊन आलेला शिपाई दारातच उभा राहिला. तांडेलांच्या पाठी आपोआप ताठ झाल्या. त्या बंदरात मूठ दिसली की आधी थांबायचं असतं, विचार मागाहून. फक्त फौजदार आणि हवालदार तेवढे हलत होते, ते बाहेरगावचे.

"काय म्हणतोय तो?" फौजदारांनी विचारलं.

पूर्वी उभी राहिली. "थांब," ती म्हणाली. "मी थांब म्हणालो होतो. मी मूठ दिली होती, साहेब. मूठ म्हणजे थांब, इथं कुणालाही विचारा. मघाशी हात म्हणाले ती मी, पूर्वी. तेवढं खोडा. मूठ म्हणतोय तो सदू."

"आणि नंतर?"

"विनेशच्या हातात फोन होता. तो फोनकडं बघून हसत होता. मी दोन्ही मुठी केल्या, पाय आपटले. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही." ती रडत होती, पण शब्द स्वच्छ येत होते. "हे मी, पूर्वीनं, आधी गाळलं होतं. आता गाळलेलं काही नाही."

आता तोंडं वळली. सगळी एकदम.

"खरं का रे?" फौजदार विनेशला म्हणाले.

विनेश जमिनीकडं बघत होता. हवालदाराचं पेन सरसर चाललं होतं. येसाजी अर्धवट उठला होता, तसाच राहिला.

सदूची मूठ अजून वरच होती. खरं बोलणं लिहून झालं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्याचा हिशेब कागदाशी नव्हता. पूर्वीनं त्याच्या कोपराला हात लावला, तो त्यानं झटकला. दंड थरथरायला लागला होता. शर्टाची इस्त्रीची बाही खांद्यापर्यंत घसरली होती, मानेची शीर ताणलेली. तो विनेशकडं बघत होता, फक्त विनेशकडं. त्या नजरेत राग असता तर विनेशला बरं वाटलं असतं. सदू नुसता वाट बघत होता.

विनेश वर बघेना.

दारातून नलू आत आली. बायकांनी तिला धरायला बघितलं, ती थांबली नाही. अर्ध्या हॉलपर्यंत आली. दोन्ही हातांनी पदर आवळून धरलेला. सदूचा थरथरणारा हात तिनं बघितला, आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

"विनेश," ती म्हणाली. "दे रं काकाला जबाब. हात अवगडला त्याचा."

विनेशनं वर बघितलं. आईकडं नाही, काकाकडं. त्याचा उजवा हात हळूहळू वर आला, छातीपर्यंत, खांद्यापर्यंत, डोक्याच्या वर. बोटं मिटली.

मग सदूनं हात खाली घेतला आणि दुसऱ्या हातानं खांदा चोळत खुर्चीवर जाऊन बसला.